तांदळातले देव

घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर देव तांदळात ठेवतात. डब्यात तांदूळ भरायचे, मूर्ती त्यात पुरायच्या आणि झाकण लावायचं. आपण परत येईपर्यंत देवांच्या जेवणाची सोय झाली. आल्यावर त्यांना आंघोळ घालून जागेवर बसवायचं आणि त्या तांदळाचा भात करून खायचा. ही पद्धत मला पहिल्यापासून पसंत होती, कारण तिच्यात व्यवहार आहे. श्रद्धा म्हणाल तर ती माझ्याकडे तेव्हा फारशी नव्हती. आई गेल्यावर दुसरं कोणी करणारं नव्हतं, म्हणून देवपूजा माझ्याकडे आली. सकाळी ड्यूटीला जाण्याआधी केर काढावा, तशी मी ती उरकत असे.

आई आणि मी, आम्ही दोघीच राहायचो, मुलुंडला, डोंगराच्या बाजूच्या एका दुमजली इमारतीत. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं होती, पण सांगण्यासारखी मोठी नव्हती. आईला शेवटी शेवटी एकच गोष्ट टोचायची. देव्हाऱ्यातली पितळेची अन्नपूर्णा तिला तिच्या आईने लग्नात दिली होती. मुलगी घरातून निघाली की तिच्याबरोबर अन्नपूर्णा द्यायची, ही आमच्याकडची रीत. मूर्ती पुसताना आई म्हणायची, "हिला आता कुणाबरोबर पाठवू?" मी म्हणायचे, "राहू दे की इथेच. कुणी हाकललंय तिला?"

मी औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या दिव्याखाली धरायच्या, आधी काळ्या फळीसमोर, मग पांढऱ्या. कुपी उलटी करायची आणि आतल्या औषधात धागा, कण किंवा काचेचा तुकडा तरंगतो का ते बघायचं. आम्ही सगळ्या बायकाच होतो, पण आमच्यावरचा इन्चार्ज नेहमी पुरुष. एकोणीसशे सत्तरनंतर कधीतरी कंपनीने जर्मनीहून नवी मशिनं मागवली आणि ती शिकायला पाच महिन्यांसाठी एक माणूस पाठवायचं ठरलं. शिकून येईल तो विभागाचा इन्चार्ज होणार होता. माझं नाव पुढे आलं. काम चोख होतं आणि घरी अडवणारं कोणी नव्हतं. साहेब म्हणाले, "बघा हं, बाईमाणूस आहात. अर्ध्यातून परत आलात तर पुन्हा कुठल्या बाईला पाठवायचं नाव निघणार नाही." मी म्हटलं, "झेपेल." न झेपायला काय, असं तेव्हा वाटलं होतं.

शेजारच्या खोलीत मालवणकडच्या एक काकू राहायच्या. त्यांचे यजमान परळच्या गिरणीत होते. मी जाणार हे कळल्याबरोबर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"देवांका कुलपात ठेवन चललंस? शाबास गो बाय तुजी."

"तांदळात ठेवतेय काकू. उपाशी नाही राहणार."

"जेवणाची सोय झाली. पण त्यांच्यावांगडा बोलतला कोण?"

शेवटी मी किल्ली त्यांच्याकडे दिली. रोज संध्याकाळी उदबत्ती लावायचं त्यांनी कबूल केलं.

निघायच्या दिवशी दुपारी काकूंनी आणि मी मिळून डबे भरले. कंपनीने दोन दिवाळ्यांना दिलेले दोन अ‍ॅल्युमिनियमचे डबे माझ्याकडे होते, अगदी एकसारखे. एकात तांदूळ आणि त्यांत गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. दुसऱ्यात मला तिकडे शिजवायला तांदूळ. मुंग्या जाऊ नयेत म्हणून एकाला, वाटेत सांडू नये म्हणून दुसऱ्याला, अशी दोन्ही झाकणांना मी चिकटपट्टी गुंडाळली. तेवढ्यात खाली कंपनीची जीप आली. एक डबा मी बॅगेत घातला. दुसरा काकूंनी उचलून देव्हाऱ्यात ठेवला आणि पदर सावरून नमस्कार केला.

जर्मनीतलं ते गाव लहान होतं, नदीकाठचं. मला एका विधवा बाईंच्या घरात माडीवर खोली मिळाली होती आणि खोलीत एक शेगडी. कारखान्यातलं काम मला जमत होतं. काच कुठेही काचच असते. बाकीचं जमेना. मी मासे खाणारी, पण ताटातलं मांस कशाचं आहे हे विचारायची भाषा नव्हती. म्हणून मी उकडलेले बटाटे खायचे, रोज. शुक्रवारी संध्याकाळी कारखाना सुटला की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. रविवारी तर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मुलुंडला मी एकटी राहत होते खरी, पण एकटीला तिथे एकटं राहू देतात कुठे? नळावर कोणी भांडत असतं, काकू वाटीभर कालवण घेऊन आत शिरलेल्या असतात. इथे खोलीत बसून मी स्वतःशीच मोठ्याने मराठी बोलायला लागले. तेव्हा मला भीती वाटली.

महिना होत आला आणि मी ठरवलं, परत जायचं. प्रकृती साथ देत नाही, असं सांगायचं. ते वाक्य इंग्रजीत जुळवून पाठ केलं. सोमवारी तिथल्या साहेबांना गाठायचं होतं. इन्चार्जची जागा जाईल, माझ्यामागच्या बायकांचीही वाट बंद होईल, हे सगळं दिसत होतं. तरी सुटका होणार म्हणून बरं वाटत होतं.

शनिवारी दुपारी विचार केला, जायचंच आहे तर तांदूळ कुणासाठी ठेवायचे? बटाट्यांनी भागेनासं झालं की उघडू म्हणून डबा तसाच राखून ठेवला होता. चिकटपट्टी सोडवली आणि कप आत घातला. कप कशाला तरी अडला. खडा, असं वाटून मी वाण्याला एक शिवी दिली. मग बोटांनी चाचपलं आणि एक इवलासा हात वर आला, लाडू धरलेला. बाळकृष्णाचा.

मी शेगडीसमोर खाली बसले आणि हसायला लागले. हसू थांबेना. आमच्या विभागात कुपीतला केसाएवढा धागा माझ्या नजरेतून सुटायचा नाही, आणि मी देवांना विमानात घालून परदेशी आणलं होतं! तिकडे मुलुंडला काकू रोज संध्याकाळी माझ्या भाताच्या तांदळांना उदबत्ती ओवाळत असणार, हे आठवलं आणि पुन्हा हसू फुटलं.

हसण्याचा आवाज ऐकून घरमालकीण बाई वर आल्या. महिनाभरात माझा एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. आमचं बोलणं दोघींच्याही मोडक्या इंग्रजीत चालायचं.

"बाहुल्या?" त्यांनी विचारलं.

"देव," मी म्हटलं. "चुकून आले. तांदळातून."

त्यांनी एकेक मूर्ती निरखून पाहिली. त्या तशा कडक चेहऱ्याच्या बाई. म्हणाल्या, "खोली मी एकीला दिली होती. तुम्ही तर चौघं निघालात." आणि गंभीर चेहऱ्याने खाली निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पाच मिनिटांनी परत आल्या, हातात इस्त्री केलेला पांढरा रुमाल आणि काचेची एक वाटी. मूर्ती धुवून पुसायला रुमाल, ठेवायला वाटी. हे मी सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात दारावर क्रूस होता, त्याच्यामागे चर्चमधून आणलेली सुकी डहाळी खोचलेली असायची. देवाला जागा लागते एवढं त्यांना ठाऊक होतं.

मी मूर्तींना आंघोळ घातली. वाटीत मूठभर तांदूळ घालून त्यावर अन्नपूर्णेला बसवलं. आता उरलेले तांदूळ शिजवायचे की नाही, हा प्रश्न आला. रीत म्हणते, घरी परतल्यावर शिजवा. पण घर आता कुठलं म्हणायचं? देव जिथे आहेत ते. मी भात टाकला.

भाताचा वास खोलीभर पसरला. बरोबर मेतकूट होतं, तूप नव्हतं म्हणून लोणी घेतलं. पहिली मूद देवांसमोर ठेवली. आयुष्यात शेकडो वेळा नैवेद्य दाखवला असेल, पण दाखवून हात जोडायच्या आत माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. त्या दुपारी मी ताट समोर ठेवून बसून राहिले. जेवायला सोबत कोणीतरी होतं. मग सावकाश जेवले. थोडा भात खाली बाईंना नेऊन दिला. त्यांनी मेतकुटाकडे संशयाने पाहिलं आणि सगळं संपवलं.

सोमवारी मी कामावर गेले आणि ते वाक्य बोलले नाही.

यात चमत्कार काही नाही. बटाटे तेच होते, रविवारी गाव तसंच ओसाड असायचं. फरक एवढाच पडला की सकाळी उठल्यावर तिघांना आंघोळ घालायची होती आणि संध्याकाळी त्यांना दिवसभराचं सांगायचं होतं. नवं मशीन आज बिघडलं, फोरमन माझ्यावर ओरडला, मग चूक त्याचीच निघाली. मी मराठीत मोठ्याने बोलत होते, पूर्वीसारखीच, पण आता मला भीती वाटत नव्हती. फुलांसाठी बाईंनी खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं. थंडीने त्या कुंडीतली फुलं गेल्यावर मी सूचिपर्णी झाडाची डहाळी वाहिली. कोणी तक्रार केली नाही. रविवारी दुपारी नदीकाठी बाकावर जाऊन बसायला लागले. काही काम नसताना बाहेर नुसतं बसणं मला मुलुंडला कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी चार जणींनी येऊन विचारलं असतं, काय झालं गं? तिथे बसून मला स्पष्ट दिसायचं की माझं बरं चाललंय. कुणाची तरी कृपा आहे, असं म्हणायला तोवर मला लाज वाटायची. ती लाज त्या बाकावर गेली.

काकूंना हे पत्रात कळवलं नाही. त्यांची पत्रं त्यांचा मुलगा गॅलरीत मोठ्याने वाचायचा, म्हणजे ती सगळ्या इमारतीची व्हायची.

पाच महिन्यांनी शिकणं पुरं करून परतले. काकूंनी कुलूप काढलं. देव्हाऱ्यात डबा जागच्या जागी होता, झाकणावर कुंकवाचे थर, वर ताजं जास्वंद, पुढे उदबत्तीची राख. मी पर्समधला पांढरा रुमाल सोडून तिन्ही मूर्ती पाटावर ठेवल्या.

काकू बघत राहिल्या. "हे खयसून इले?"

"जर्मनीहून."

"मगे ह्या डब्यात काय आसा?"

"तांदूळ."

"पाच म्हयने मी तांदळाक उदबत्ती दाखयत होतंय?"

"हो."

"बाटलेतलो कचरो शोधूचो पगार घेतंस, आणि हातातलो डबो वळखूक येवक नाय तुका?"

"देव्हाऱ्यात डबा कोणी ठेवला काकू?"

काकू पाटाकडे वळल्या. मग त्यांनी अन्नपूर्णा उचलून तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघितली. "ही तुझ्या आवशीची ना? मगे बरोबर आसा. चेडू घरातसून भायर पडला की अन्नपूर्णा वांगडा जाता. तू वायच उशिरान भायर पडलंस, इतक्याच."

मी देव्हाऱ्यातला डबा उचलला. आत जाऊन तो उघडला. तांदळात किडे झाले होते. दोघींनी ते गच्चीत उन्हात घातले, चाळले, निवडले आणि दुपारी त्यांचा भात केला. ज्यांच्यापुढे काकूंनी पाच महिने हात जोडले, ते टाकून देणं आम्हा दोघींनाही पटलं नसतं.

इन्चार्जच्या खुर्चीत मी बसले. दोन वर्षांनी पुन्हा तिकडे जायची वेळ आली तेव्हा काकूंनीच डबे भरले. गणपती आणि बाळकृष्ण तांदळात गेले. अन्नपूर्णेला हळदकुंकू लावून त्यांनी तिला त्या पांढऱ्या रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. चिकटपट्टी लावण्याआधी मी दोन्ही डब्यांची झाकणं उघडून आत हात घालून पाहिलं.

"इस्वास नाय?" काकू फणकारल्या.

"देवावर आहे हो काकू," मी म्हटलं. "डब्यांवर नाही."