वहिनीचे उघडे कप्पे

आमच्या वहिनीला घरात सगळे 'साधी आहे बिचारी' म्हणायचे. साधी म्हणजे काय, तर चार माणसांत बोलायची नाही, वाद घालायची नाही, कुणी काही म्हटलं की मान हलवून कामाला लागायची. आता कुणी माझ्यासमोर तिला बिचारी म्हणून दाखवावं! पायताण काढीन मी.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा. त्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. जागा कुठे होती? जमिनीवर डबे, डब्यांवर खोकी, खोक्यांवर उघडून ठेवलेली मोटर आणि मोटरीवर दादाचा चहाचा कप. "कशाला हात लावायचा नाही," एवढा एकच नियम. वहिनी दारातूनच चहा द्यायची आणि परत फिरायची. पण त्या ढिगाऱ्यातून हवा तो स्क्रू दादा न बघता काढायचा, हे मात्र खरं.

मग एका सकाळी दाढी करता करता तो कोसळला. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, काठी घेऊन चालायलाही लागला, त्याबद्दल त्या हॉस्पिटलातल्या एकेका माणसाचे पाय धरावेत. पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. डोक्यात सगळं असायचं, तोंडातून येत नव्हतं. कपही 'ते', टॉवेलही 'ते', मी सख्खी बहीण, मीही 'ते'. लिहिलेलं वाचताही येईना. एक शिवी तेवढी शाबूत राहिली होती आणि ती अशी खणखणीत यायची की काय सांगू! डॉक्टरबाई म्हणाल्या, "चांगलं लक्षण आहे." मी म्हटलं, "हो का? मग तुम्हीच ऐका रोज."

त्याच डॉक्टरबाईंनी दादाला घरी सोडताना वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की हा माणूस पुन्हा कामाला लागला तर सावरेल, नाहीतर मनाने संपेल. आणि दादा तर घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवायला उठायचा, पुन्हा भिंत. आयुष्यभर ज्याचे हात रिकामे नव्हते, तो माणूस! मला बघवायचं नाही. मी यायची, दोन शब्द बोलायची आणि बाहेर येऊन वहिनीवरच चिडायची.

गॅरेज होतं तसं उपयोगाचं नव्हतं. काठी घेऊन त्या डब्यांतून चालायचं म्हणजे दुसऱ्यांदा हॉस्पिटल. म्हणून दादाची लेक, माझी भाची, रजा काढून आली आणि मोबाइलवर कपाटं दाखवू लागली. पांढरीशुभ्र, हळूच मिटणारी दारं, आत खण, खणांवर छापील चिठ्ठ्या. "आत्या, बघ ना किती नीटनेटकं!" मी लगेच तिच्या बाजूने. माझं तर म्हणणंच असं, की दार लावलं की पसारा संपला. वहिनी नुसती बघत होती.

त्याच दिवशी दादा काठी टेकत स्वयंपाकघरात आला. त्याला कप हवा होता, हे आम्हाला मागाहून कळलं. त्याने एक कपाट उघडलं, धाडकन लावलं. दुसरं उघडलं, लावलं. "ते... ते..." म्हणत तिसरं. मी बशी पुढे केली, भाचीने पातेलं. मग ती शिवी. आणि मग माझा दादा, ज्याला मी बाबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं, ओट्याला टेकून हुंदके देऊन रडला.

दुसऱ्या दिवशी मी गेले, तर स्वयंपाकघरातल्या एकाही कपाटाला दार नाही! वहिनीने बिजागऱ्यांचे स्क्रू काढून सगळी दारं मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. कप, ताटं, डबे, सगळं उघड्यावर.

"अगं, हे काय करून ठेवलंस? डोकंबिकं फिरलं की काय?"

"वन्सं, त्यांना नाव सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण दिसलं तर घेता येतं."

तेवढ्यात दादा आला. फळीकडे बघितलं, डाव्या हाताने कप उचलला, पाणी ओतून घेतलं, प्यायला आणि गेला. बस, एवढंच. वहिनी माझ्याकडे बघून हसलीही नाही, भाजी चिरायला लागली.

रॅकच्या दुकानात आम्ही तिघी गेलो. दुकानदार चांगला माणूस होता, पण त्याला महागातलं खपवायचं होतं, त्याचाही धंदा आहे. तो एकेक कपाट उघडून दाखवतोय आणि वहिनी म्हणतेय, "दार नको." खणांची उतरंड दाखवली, "खण नको." शेवटी तो म्हणाला, "ताई, उघड्यावर धूळ बसेल हो."

"बसू दे. मी पुसेन."

मग तिने लोखंडी रॅक निवडले, उभ्या पट्ट्यांना भोकं असलेले, म्हणजे फळी हवी तिथे वर-खाली लावता येते. फळ्या मात्र अरुंद हव्यात म्हणाली. दुकानदार म्हणाला, रुंद घ्या, मागे-पुढे दोन ओळी मावतील. "मागची ओळ नकोच," वहिनी म्हणाली. "मागचं दिसणार नाही, म्हणजे ते त्यांच्यासाठी नाहीच." बरण्या पारदर्शक. पक्कड, हातोडी, पाने यांच्यासाठी भोकाभोकांचा पत्रा आणि हूक. आणि मग काय करावं तिने? दुकानातल्या खुर्चीवर बसली, उजवा हात मांडीवर ठेवला, डावा लांब केला आणि म्हणाली, "सगळ्यात वरची फळी इथपर्यंत. ह्याच्या वर काही नको."

"अहो, मग वरची भिंत वाया जाईल!"

"भिंतीला कुठे काम करायचंय?"

दुकानदार खो खो हसला. त्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन रॅक भिंतीत बोल्टने पक्के करून दिले, दादा कधी टेकलाच तर अंगावर येऊ नयेत म्हणून. त्याचं भलं होवो.

मांडणी मी आणि भाचीने केली. स्क्रूंजवळ स्क्रू, लहान ते मोठे. पट्ट्यांजवळ पट्टे, वायरींजवळ वायरी. जड मोटरी खाली. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! भाचीने फोटो काढले. मग आम्ही वाजतगाजत दादाला घेऊन आलो.

तो दारात उभा राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेला. एक बरणी उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. "ते..." म्हणाला, पुढे काहीच नाही. शिवीसुद्धा नाही. वळला आणि काठी टेकत जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजला.

भाचीचा चेहरा पडला. माझा पारा चढला. "एवढा आटापिटा करून हातात काय आलं? धुपाटणं!" मी वहिनीवरच ओरडले, नेहमीप्रमाणे.

ती रॅककडेच बघत होती. "वन्सं, पंखा उघडला की ह्यांना काय काय लागतं?"

"मला काय माहीत!"

"मलाही नाही. आणि मांडून बसलो आपण दोघी-तिघी."

तिने पदर खोचला आणि आम्ही लावलेलं सगळंच्या सगळं खाली काढलं. जमिनीवर जुन्या चादरी पसरून त्यांवर मांडलं. टेबलावर घरातला बिघडलेला पंखा ठेवला. मग दादाला उठवून आणलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः चादरीपाशी बसली. दादाने आधी तिला शिवी हासडली. ती बसूनच. बराच वेळ गेला. मग त्याने डाव्या हाताने एका बरणीकडे बोट केलं. तिने दिली. त्याने त्यातले चार स्क्रू काढले आणि टेबलावरच्या एका ट्रेमध्ये टाकले. मग बोट ग्रीसच्या डबीकडे. मग छोट्या ब्रशकडे. मग एका कपॅसिटरकडे. शेवटी त्याने तो भरलेला ट्रे फळीवर सरकवला आणि त्याच्यासमोर खुणेला पंख्याचं एक मोडकं पातं उभं केलं.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दादाचा तो ढिगारा ढिगारा नव्हताच! तो वस्तू जातीप्रमाणे ठेवत नव्हता, कामाप्रमाणे ठेवत होता. ज्या कामाला जे जे लागतं, ते सगळं एका जागी. पुढचे कितीतरी दिवस दोघांचं हेच चाललं. तो बोट दाखवायचा, ती उचलायची, शिवी आली की डबा चुकला असं समजायचं. ज्या गॅरेजचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता, तिथे ती आता फतकल मारून बसलेली. मिक्सरचा ट्रे झाला, मोटरीचा झाला, इस्त्रीचा झाला. दादा भिंतीकडे तोंड करून निजायचा बंद झाला, ते नेमकं कधी हे आमच्या लक्षातही आलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला. त्याचा पंखा अडखळत होता. मी योगायोगाने तिथेच होते. दादाने ट्रे पुढे ओढला. डाव्या हाताने त्याने पंखा खोलला, वहिनीने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. बारीक स्क्रू बसवायची वेळ आली तसा तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, चिमटीने स्क्रू भोकावर धरला, दादाने पिळला. एकेक करत सगळे. तिने चष्मा डोक्यावर सरकवला, बटण दाबलं आणि पंखा असा गरगरला की लाँड्रीवाल्याची टोपी उडाली. मी रडले. रडले तर रडले, लपवायचं कशाला?

लाँड्रीवाला पंखा घेऊन गेल्यावर दादा ट्रे भरायला लागला. स्क्रूड्रायव्हर ठेवला, ग्रीसची डबी ठेवली, ब्रश ठेवला. ट्रे उचलायला वहिनी वाकली. त्याने हात वर केला, तिच्या डोक्यावरचा चष्मा काढला, नीट मिटला आणि स्क्रूड्रायव्हरशेजारी ठेवून दिला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "ते."

मग वहिनी म्हणाली, "अहो, पण मग मी पेपर वाचू कशाने?" आवाज तिचा होता, पण नेहमीचा नव्हता.

चष्मा तिने ट्रेमधून बाहेर काढला नाही. पेपर वाचायला तिने दुसरा करून घेतला.