दौलतदादाची सात तारांची गिटार

स्टील प्लांटच्या गावात, कॅम्प-१ या मजूरवस्तीतल्या आमच्या घरात उसनं नसलेलं असं थोडंच होतं. बाबा ठेकेदाराकडे मजूर, आई लोकांची भांडी घासायची, पाहुणा आला की खाट शेजारून यायची. माझा थोरला भाऊ दौलतदादा ज्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा, तिचंही तसंच. पेटी विहाराची, आणि बास गिटार दर जयंतीला सेक्टर सहाच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मागून आणलेली. मागच्या महिन्यात दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात मुलांचे पेपर तपासत होते. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. फोन ठेवल्यावर डोळ्यांसमोर आला तो उकिडवा बसलेला, एक डोळा मिटलेला दादा...

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दादा तोवर प्लांटच्या रेल मिलमध्ये, रेल्वेचे रूळ बनतात तिथं, लागला होता, आम्ही सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आलो होतो. जयंती तोंडावर आली आणि ऑर्केस्ट्रावाला चारचौघांत म्हणाला, "हर साल माँगने आ जाते हो, अपना कब लोगे?" दादा दुसऱ्याच दिवशी दुर्गहून सायकलला बांधून एक सात तारांची इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. कलकत्त्याकडची, बनवणाऱ्याचं नाव नसलेली. सातव्या तारेचं काय करायचं हे गिऱ्हाइकांना कळेना, म्हणून स्वस्त. दादाचा विचार सरळ होता. सगळ्यात जाड ती सातवी तार बासचं, म्हणजे खर्जाच्या सुरांचं, काम करेल, बाकीच्या सहा गिटारचं. दुकानात वीज नव्हती, त्यामुळे घरी तपासायची, आवडली तर ठेवायची, नाही तर रविवारी परत, असं दुकानदाराशी ठरलं.

रूळ सरळ आहे का हे बघायला मिलमध्ये माणूस टोकाशी बसतो, एक डोळा मिटतो आणि लांबवर नजर टाकतो. दादानं गिटार वाजवायच्या आधीच खाटेवर आडवी ठेवली आणि तसाच बसला.

"मान वाकडी हाये हिची."

"मले तं नाही दिसत, दादा."

"तुले कशी दिसन? तू बी.ए. हायेस."

गिटारच्या मानेत आतून एक सळई असते. तिचा नट किल्लीनं आवळला की मान सरळ होते. दादानं ती आवळून अगदी रुळासारखी केली, मग अँप्लिफायरला जोडली. सातवी तार छेडली तर पत्र्यावर खडे पडल्यासारखी खडखड. त्याला वाटलं, अजून वाकडी असेल. आणखी आवळली, खडखड वाढली. आई म्हणाली, "हे गाणं हाये का गिट्टीची गाडी?" शनिवारपर्यंत हेच चाललं. शेवटी दादानं मिलमधला शब्द वापरला, "रिजेक्ट." म्हणजे यंदाही सेक्टर सहाला जाऊन हात पसरणं आलं.

रविवारी गिटार चादरीत बांधून झाली आणि त्यानं पुन्हा सोडली.

"आता कावून सोडून राहिला?" मी विचारलं.

"ज्याची वस्तू त्याले जशी आणली तशी द्या लागन ना वं."

त्यानं नट आधी होता तितका ढिला केला, अँप्लिफायरला जोडून तारा सुरात लावल्या आणि सवयीनं सातवी छेडली. फळीवरचे कप थरथरले. खडखड नाही... त्यानं परत छेडली. मग खाली बसून डोळा मिटला. मान पहिल्यासारखी जराशी वाकलेली होती. जाड तार हलायला जागा मागते, नाही तर मानेवरच्या पट्ट्यांवर आपटून खडखडते, आणि ती जागा तो वाकच देत होता.

"वाकडीच पायजे होती ही," दादा म्हणाला. "अन् मी हिचा रूळ करून राहिलो होतो."

"मंग परत न्यायची?" आईनं विचारलं.

"कायले?"

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, निवृत्तीनंतर त्यानं कॅम्पात बांधलेल्या घरी गेले. गिटार भिंतीवर होती, तारा गंजलेल्या. मी खाली उतरवून खाटेवर ठेवली, एक डोळा मिटून पाहिलं. आता मलाही दिसला तो वाक. त्या जयंतीपासून आमच्या पार्टीनं बास कोणाकडूनही मागून आणला नाही.