रेहानाचा 'हौ' आणि सोलापूरचा रस्ता

हे लिहायचं कारण एकच. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा कुणीतरी टाकलं की, सोलापूर रस्त्यावर निर्मला (म्हणजे मी) आणि रेहानाचं कडाक्याचं भांडण झालं, रेहाना गाडीतून उतरली आणि निर्मला तिला तिथेच टाकून तिचीच गाडी घेऊन परत आली. यातलं 'भांडण झालं' आणि 'उतरली' एवढंच खरं आहे. प्रत्येकाला फोनवर खुलासा करण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. आमच्या वयाच्या कुणी दोघी असा प्रवास योजत असतील, तर त्यांना रस्त्याची माहितीही होईल.

बेत होता कन्याकुमारीचा. जाताना सोलापूर, विजापूर, हुबळी करत खाली उतरायचं आणि येताना समुद्राच्या कडेने वर यायचं. मी निवृत्त झाल्यापासून हे डोक्यात होतं. गाडी रेहानाची. ती रोशन गेटला राहते, आणि त्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षं गाडी काढणारी बाई देशात कुठेही गाडी चालवू शकते, असं माझं ठाम मत होतं. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण माझी धाव सिडकोतल्या घरापासून भाजी मंडईपर्यंत. म्हणून ती चालवणार आणि मी डावीकडे बसून रस्ता सांगणार.

मे महिन्यात तिच्या घरी बैठका झाल्या. कूलर घोंघावत असायचा, टेबलावर नकाशा पसरलेला, आणि मी एकेक मुद्दा घेत जायची.

"रोज पहाटे निघायचं."

"हौ."

"अंधार पडला की गाडी बंद."

"हौ."

"विजापूरला थांबायचं नाही. गोलघुमट कॉलेजच्या सहलीत पाहिलाय आपण."

"हौ."

हौ म्हणजे होय. आमच्या शहरात मराठी बोलणारेही सर्रास म्हणतात. कॉलेजात ही बाई चहात साखर किती असावी यावरही वाद घालायची. आता सगळ्याला हौ. मला वाटलं, वयाने शहाणी झाली.

काळजी मला स्वस्थ बसू देत नव्हती. घाटात ब्रेक तापले तर? कर्नाटकात आत कुठे बंद पडलो आणि भाषा कळली नाही तर? दोघींपैकी एकीला काही झालं तर दुसरीने काय करायचं? शेवटी मीच म्हटलं, जानेवारीत निघण्याआधी एक रंगीत तालीम करू. जाऊन-येऊन तीन दिवस. विजापूर गाठायचं, गावात न शिरता बाहेरच्या बाहेर जेवायचं आणि मागे वळायचं.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. निघताना रेहानाच्या मुलीने, सनाने, आईच्या दंडाला इमाम-जामीन बांधला. हिरव्या कापडात एक नाणं गुंडाळलेलं असतं. प्रवासाला निघणाऱ्याला बांधतात, आणि सुखरूप पोचलं की ते नाणं गरजूला देतात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खाला, हात पुढे करा." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण हात पुढे केला, आणि वरून बाही खाली ओढून घेतली.

पहिला दिवस. बीड बायपासवरून बाहेर पडलं की आडूळ, पाचोड, मग शहागडला गोदावरीचा पूल. रस्ता चौपदरी आणि चांगला आहे. टोल फास्टॅगमधून जातो, शिल्लक आधी बघून ठेवा. गेवराईच्या पुढे एका साध्या खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. दोघींचं पोटभर जेवण तीनशेच्या आत झालं.

या दिवसांत निघणाऱ्यांना एक इशारा. ऊसतोड सुरू झालेली असते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने डुलत चाललेले असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो. प्रत्येक ट्रॉली मागे पडेपर्यंत माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

पण खरी धास्ती ट्रॉल्यांची नव्हती. "डावीकडून बुलेट येतेय," असं मी म्हणायची, रेहाना "हौ" म्हणायची आणि गाडी डावीकडेच घ्यायची. चौसाळ्याजवळ एक मोटारसायकलवाला शेजारून ओरडत गेला, "ओ मावशी, कवाधरनं हॉर्न वाजवायलोय, झोपल्या का काय?" रेहाना समोर बघत राहिली. मी म्हटलं, "सावकाश." ती म्हणाली, "हौ," आणि वेग तोच. मला वाटलं ती माझ्यावर चिडली आहे. मग मी जास्त सूचना देऊ लागले. येरमाळ्याच्या घाटात तर मी एकसारखी बोलत होते.

सोलापुरात मुक्काम. दोघींची खोली अठराशेला, स्वच्छ, गाडी लावायला आत जागा. जेवताना रेहानाने मला हाताला धरून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. "इधर बैठ, तिकडं पंखा लागतो," म्हणाली. पंखा दोन्हीकडे सारखाच लागत होता. मी दमलेली होते, विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेर पडताना विजापूर रस्त्यासाठी उजवीकडे वळायचं होतं.

"उजवीकडे घे."

"हौ."

गाडी सरळ गेली आणि थोड्या वेळाने हैदराबादच्या पाट्या दिसू लागल्या. मी ओरडले. ती दचकली आणि तिने गाडी एकदम डावीकडे कडेला घेतली. त्याच वेळी डाव्या अंगाने माणसं कोंबून नेणारी एक वडाप जीप जीव खाऊन हॉर्न वाजवत येत होती. माझ्या कानाशी आरसा खाडकन आत दुमडला, काच फुटली आणि जीप निघून गेली. थोडी इकडे असती तर आरशाच्या जागी माझा खांदा होता.

गाडी थांबली. मी बोलायला सुरुवात केली आणि बराच वेळ थांबले नाही. रेहाना स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. मग ती दार उघडून उतरली. गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि आपला उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"अब बोल. इधरसे."

मला काही कळेना.

"डाव्या कानानं मला ऐकू येत नाय, निम्मी. दोन बरस हो गए. शांत असलं तर चालतं. गाडीत, कूलरमध्ये नुसता घूं घूं आवाज."

"मग महिनोन्‌महिने हौ हौ कशाला म्हणत होतीस?"

"तू विचारती कुठं? तू तर हुकूम सुनाती. हौ म्हटलं की तू खूश. पुढच्या हुकमावर जाती."

ते खरं होतं, म्हणून मी चिडले. जीव गेला असता, म्हटलं. सनाला का नाही सांगितलं, विचारलं.

"तिला सांगितलं तर ती किल्ली घेईल. और एक बार किल्ली दिली ना, तो वापस नहीं मिलती. सगळीकडे बघते मी. आधी गाडीची घेतात, मग कपाटाची."

किल्ली तिच्या मुठीत होती. मी मागितली नाही. मागितली असती तर तिने दिली नसती, आणि मग आमचं कन्याकुमारी तिथेच संपलं असतं. मी उतरले, फिरून चालकाच्या जागेवर जाऊन बसले आणि हात स्टिअरिंगवर ठेवले. पाय पुरेनात.

ती खिडकीतून आत बघत राहिली. "तू चालवणार? मंडईवाली?"

"तू डावीकडे बसलीस तर तुझा चांगला कान माझ्याकडे येतो," मी म्हटलं. "एवढं तर कळतं ना?"

ती हसली. मागच्या सीटवरची उशी काढून माझ्या पाठीशी खोचली, डावीकडे बसली आणि स्वतःच्या हाताने किल्ली लावली.

पुढे विजापूरला जायचं धाडस मला नव्हतं. आम्ही घराकडे वळलो. त्या परतीत मला रस्त्याकडेचं काहीही दिसलं नाही, त्यामुळे वर्णन करता येत नाही. प्रत्येक ट्रॉलीमागे मी इतका वेळ रांगत होते की मागचे शिव्या देत पुढे जायचे, आणि रेहाना खिडकी उघडून त्यांना दखनीत परतफेड करायची. बीडला मुक्काम केला. एका दमात घरी येणं मला जमलं नसतं.

आणि ती बोलू लागली. वाटेत एकाही गोष्टीला हौ म्हणाली नाही. पहाटे का निघायचं, माणसं चहा पिऊन निघतात. सगळीकडे बायपासनेच का जायचं, गावं काय चावतात? आणि गोलघुमट का काढलास?

"तिथं पल्याडच्या भिंतीशी कुजबुजलं तरी ऐकू येतं. कॉलेजात तू कुजबुजली होतीस, रेहाना लई बोलती म्हणून. मी समदं ऐकलं होतं. मेरेकू बघायचंय, आता किती ऐकू येतं."

गोलघुमट परत घेतला आहे. दोन दिवस ठेवले आहेत.

शेवटच्या टोलनाक्यावर तिने सीट मागे पाडून डोळ्यांवर दुपट्टा घेतला होता. आमच्याच वर्गातला एकजण शेजारच्या रांगेत होता. त्याला गाडीत मी एकटीच दिसले. भांडण आणि उतरणं मीच बीडहून एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं. दोन्ही जोडून ग्रुपवरची कथा तयार झाली.

परत आल्यावर रेहानाने सनाला स्वतः सांगितलं. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं आहे, काही फरक पडेल म्हणाले. महामार्गावर मी चालवायचं, असं दोघींनी ठरवलं. रविवारी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रिकामे असतात. तिथे सराव चालू आहे. करमाडचा माझा भाऊ येऊन बसतो. "ताई, लई दाबून धरती तू स्टेरिंग, ते काय पळून जातंय व्हय?" म्हणतो. भीती गेलेली नाही. घाट आहेत, ट्रॉल्या आहेत, आणि आता चूक झाली तर ती माझी असेल. पण गाडी चालवणारीला रस्ता सांगणारीचं ऐकावं लागतं, हे मला या बाजूला बसल्यावर समजलं.

देण्याघेण्याची नोंद अशी. रोशन गेटला पोचल्यावर मी सगळ्यांत आधी किल्ली रेहानाच्या हातात परत दिली. सोबत नकाशा आणि फुटलेल्या आरशाची चौकट. ती आत गेली आणि बाहेर येऊन तिने मला उशी दिली, आणि गाडीची दुसरी किल्ली. सनाने इमाम-जामीन सोडायला हात पुढे केला, तेव्हा रेहाना म्हणाली, "नक्को. अभी पोचे कहाँ?" दोन्ही नाणी अजून द्यायची आहेत.