कानबाईच्या सोमवारनंतर

कलाबाई अमळनेरकडची. लग्न झालं आणि निंबाच्या मागे सुरतेला आली, पांडेसऱ्यातल्या चाळीत. निंबा रंगाईच्या मिलमध्ये, ही घरी बॉबिनी भरून द्यायची. पदरात एकच पोर, द्वारका.

त्र्याहत्तर सालच्या आषाढात चौदा वर्षांच्या द्वारकेला काय झालं कोण जाणे. जेवेना, बोलेना, मध्येच थरथर कापायची. सरकारी दवाखान्यातले गुजराती डॉक्टर म्हणाले, "बेन, लहान मुलांचा वॉर्ड इथे नाही. मोठ्या वेड्या बायकांत ठेवावी लागेल, अन् आईला राहता येत नाही. घरीच सांभाळा. पण गोळी चुकवायची नाही, अन् पोरीला कुणी छेडायचं नाही."

कलाबाईने महिनाभर सांभाळलं. पोर भाकर मागू लागली.

श्रावणात चाळीत खानदेशची देवी, कानबाई बसली. रविवारचा कडक उपास. देवीच्या उपासाला तोंडात काही घालायचं कसं, म्हणून कलाबाईनेच द्वारकेच्या दोन्ही वेळच्या गोळ्या डबीत ठेवल्या. सोमवारी सकाळी वाजंत्री लावून देवी विसर्जनाला तापीवर निघाली, आणि द्वारका गर्दीत थरथरू लागली.

"अंगात आलं! कानबाई आली!" शेजारची मंगलाबाई ओरडली आणि पोरीच्या पाया पडली. मग सगळी चाळच पाया पडली.

कानबाईवर कलाबाईचा जीव. पण ही थरथर तिने आषाढात पाहिली होती. तेव्हा कुठली देवी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाया नारळ घेऊन दारात. "माय, सुनेला पोरगा होईल का?" द्वारका भेदरून मान हलवायची. गोळी तोंडाबाहेर काढायची. जेवण पुन्हा सुटलं. कलाबाईने दार लावलं, तर मंगलाबाई बाहेरून म्हणाली, "देवीला गोळ्या चारून निजवतेस का गं? भोगशील!"

"दार उघड," निंबा म्हणाला.

"अहो, पोर मरेल."

"कालपर्यंत येडी म्हणत होते तिला. आज पाया पडतात. पडू दे ना." कलाबाईने कडी काढली.

आठव्या दिवशी निंबा पाळीवर गेल्यावर तिने पोरीला बसने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी भरतीचे कागद केले. दर गुरुवारी तासभर भेटायला मिळेल, म्हणाले.

जाळीच्या दारापलीकडे एक म्हातारी भिंतीशी बोलत होती. द्वारकेने आईच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला.

"माय, माले घर लई चाल."

कानबाईच्या सोमवारनंतर बोललेलं हे पहिलं धड वाक्य. घरी दारात नारळ घेऊन कोण बसलं असेल, ते कलाबाईला ठाऊक होतं. पोरीला ते कसं सांगावं, ते कळेना. वॉर्डातल्या आयाबाईने एकेक बोट सोडवलं. कलाबाईने मनात कानबाईचं नाव घेतलं, पण मागायचं काय, तेच तिला सुचलं नाही.