बारा अक्षरांचा चहा

खडेबाजारातल्या एका छापखान्यात मी जाहिरातींची मोठी अक्षरं लाकडात कोरायचो. जातीचा सुतार, हाताचा लई गर्व. निपाणीच्या एका गुजराती तंबाखूवाल्यानं लेबलासाठी गुजराती अक्षरं मागितली, तेव्हा म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! गुजरातीला वरची रेघ नसते एवढंच ठाऊक, म्हणून आपलीच बाळबोध अक्षरं कोरली आणि वरची रेघ पटाशीनं तासून टाकली. बारा अक्षरांना तीन आठवडे गेले.

"हे गुजराती व्हय रं? मराठीची हजामत केलीस!" फोरमन सगळ्यांसमोर ओरडला. बाराही ठोकळे त्यानं चुलीत घातले, त्यावर चहा उकळला आणि पहिला कप माझ्याच हातात दिला. "पी." सगळे खिदळत होते. आणि मी, नोकरीच्या भीतीनं, तो प्यायलो. जळलं मेलं माझं जिणं!

दुसऱ्या दिवशी काम सोडलं. दारं-खिडक्या करून पोट भरू लागलो, पण डोक्यात फोरमनच. सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो आणि त्या तंबाखूवाल्याच्या वखारीत हिशेब लिहिणाऱ्या म्हाताऱ्या मेहताजींचे पाय धरले. माझं लिहिणं बघून ते म्हणाले, "तुझं अक्षर अजून रेघेला लोंबकळतंय. ह्याला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय. पटाशी ठेव, आधी बोरू धर." त्यांनी कित्ता लिहून दिला.

दोन वर्षं रोज सकाळी तो गिरवला. एकेक वळण शंभरदा. हात कंटाळला की तो कप आठवायचा, मग बोरू आपोआप चालायचा. मग कुठं पुन्हा बारा अक्षरं कोरली आणि मेहताजींना नेऊन दाखवली. त्यांच्या मालकानं छापखान्याला निरोप धाडला, लेबल छापायचं तर ह्याच अक्षरांत, नाहीतर काम दुसरीकडं.

फोरमन वडगावात माझ्या दारी आला. थकला होता. "अण्णा, तेवढे ठोकळे द्या. काम गेलं तर छापखान्याचे मालक मला काढून टाकतील."

मी कित्ता पुढं सरकवला. "आधी ह्यातला क काढा. शंभर."

त्यानं काढले. कपाळाचा घाम कागदावर पडत होता. मला दया आली न्हाय, खोटं कशाला बोलू? शंभर झाल्यावर ते कागद मी चुलीत सारले, त्यावर चहा उकळला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला.

"प्या."

त्यानं एकदा चुलीकडं बघितलं, एकदा फळीवरच्या ठोकळ्यांकडं. मग प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत मी समोर बसून बघत होतो.