पाणी वैशाली देईल

महाराजांनी हात मागे घेतला.

माझ्या हातात ट्रे होता. स्टीलचे ग्लास, काठोकाठ भरलेले. जळगावचा मे महिना. कूलर नुसता घरघरत होता, वारा गरमच. महाराजांची बोटं ग्लासाला टेकणारच होती, तेवढ्यात त्यांनी नानांना विचारलं, "ही मुलगी कुणाची?"

नाना त्यांच्या कानाशी वाकले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरज नव्हती.

"राहू दे. तहान नाही," महाराज म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी पुढे सरकले. दुसरं काय करणार? शेजारी मौलाना होते. त्यांनी ग्लास उचलला, प्यायले. फादरनी घेतला. आमचे भंतेजी टोकाला बसले होते. त्यांनी ग्लास घेतला आणि मान खाली घातली. सगळ्यांनी बघितलं होतं. कुणी काही बोललं नाही. भंतेजी पण नाही.

मी दाराशी आले. तेवढ्यात नानांनी वैशालीला खूण केली. वैशाली माझ्यासारखीच काम शिकायला आलेली, पुण्याची, नानांच्या नात्यातली. तिने त्याच माठातून ग्लास भरला. महाराज घटाघटा प्याले. दुसरा मागितला.

बैठक चालू झाली. विषय होता, सर्व धर्मांच्या माणसांनी एकोप्याने कसं राहावं.

संस्थेचं नाव मी सांगत नाही. नव्वद साल उलटून गेलं होतं. देशात दंगली होऊन गेल्या होत्या. नाना हे संस्थेचे अध्यक्ष. निवृत्त प्राचार्य. अंगावर खादी. आवाज कधी चढला नाही. तणावाच्या दिवसांत हा माणूस पोलिसांच्या आधी मोहल्ल्यात जाऊन उभा राहिला होता, हे खरं आहे. खोटं मी सांगणार नाही. संस्थेचं काम म्हणजे निवेदनं द्यायची, आमदारांना भेटायचं, मंत्रालयात खेटे घालायचे, सरकारने अमुक धोरण करावं म्हणून मागे लागायचं. त्या वर्षीची मागणी होती, गावोगावी सलोखा समिती आणि तिला सरकारी मान्यता.

मी राज्यशास्त्रात एम.ए. करत होते. आमच्या विभागाने काही विद्यार्थ्यांना अशा संस्थांमध्ये पाठवायचं ठरवलं. इंटर्नशिप हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सरकारी धोरण कसं घडतं ते आत बसून शिकायचं. मार्क संस्थेचे अध्यक्ष देणार. त्यात नापास झालं की वर्ष गेलं.

वर्ष गेलं की मी गेले. वडील नव्हते. आई भडगावकडच्या आमच्या गावात लोकांच्या शेतात कापूस वेचायची, निंदणी करायची. मामा दर सुट्टीत स्थळ घेऊन यायचा. आईने त्याला कसंबसं थोपवलं होतं. मामाने बजावलं होतं, "औंदा पास व्हयनी तं शीक. नही तं लगीन." आणि आई गावात भेटेल त्याला सांगायची, "मनी पोर सरकारले कायदा शिकाडस."

सरकारला कायदा शिकवणारी पोरगी ट्रे घेऊन दाराशी उभी होती.

बैठक संपल्यावर नानांनी मला आत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"बेटा, बस. वाईट वाटलं का?"

मी खुर्चीच्या कडेला टेकले.

"तू शिकलेली आहेस, म्हणून तुला सांगतो. महाराजांच्या शब्दाखाली कितीतरी गावं आहेत. ते आपल्यासोबत बसले, मौलानांच्या मांडीला मांडी लावून बसले, हेच केवढं मोठं आहे. माणूस एकदम बदलत नाही. समजून घ्यायचं."

किती मऊ आवाज. असा मऊ आवाज असला की भांडताही येत नाही. त्यांनी शिवी दिली असती तर मी उलट बोलले असते.

"पुढच्या वेळी तू हार दे," ते म्हणाले. "पाणी वैशाली देईल."

म्हणजे माझ्या हातचा हार चालणार होता. पाणी नाही. हे त्यांनी कधी ठरवलं? मनात आधीच ठरलेलं होतं की तिथल्या तिथे सुचलं? मी "बरं" म्हटलं. होय, "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर वैशाली उभी होती. म्हणाली, "सॉरी गं. मला नाही म्हणता नाही आलं." ते 'नाही' माझ्याही तोंडून कुठे आलं होतं?

कॉलेजात आमच्या सरांना सांगितलं. ते आपलेच, म्हणजे आमच्या समाजातलेच. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. म्हणाले, "गिळून टाक. मार्क हातात पडू दे, मग काय बोलायचं ते बोल. मीही असंच केलं." त्यांचे मार्क हातात पडून वीस वर्षं झाली असतील. अजून बोलले नव्हते.

मी गिळलं. रोज ऑफिसला गेले. पाहुणे आले की हार दिले. महाराज हार घ्यायचे, हसून घ्यायचे. वैशाली पाणी घेऊन जायची तेव्हा मी खिडकीबाहेर बघायची. बाहेर काही नव्हतं, सायकलचं एक दुकान होतं. रात्री झोपायला जागा होती, दिवसा शिकायला काम होतं, आणि तरी डबक्यात पाय रुतावा तसं झालं होतं. काढायला जावं तर जास्तच आत जायचा.

मग नानांनी आम्हा दोघींना धुळे जिल्ह्यात पाठवलं. दोंडाईचापासून आत, कच्च्या रस्त्यावरचं गाव. त्यांना सलोख्याचं गाव म्हणून सरकारला दाखवायचं होतं. ते होतंही तसं. गणपतीच्या मिरवणुकीत मुसलमान पोरं ढोल वाजवायची. पीराच्या उरसाला पाटलाच्या घरून चादर जायची. आम्ही दिवसभर फिरलो. वैशाली भारावून गेली.

संध्याकाळी मी एकटी तिथल्या आमच्या समाजाच्या वस्तीत गेले. गावाच्या शेवटाला, नाल्याच्या कडेला. एक म्हातारी बाई रिकामा हंडा घेऊन निघाली होती. सगळे तिला जनाअक्का म्हणत. मी तिच्याबरोबर चालायला लागले.

सार्वजनिक विहीर. ग्रामपंचायतीने बांधलेली, पाटी लावलेली. आमच्या बाया कठड्यापासून लांब, मातीत हंडे मांडून उभ्या होत्या. कुणी शेंदून वरून ओतलं तर पाणी. नाहीतर उभंच राहायचं. एक पोरगी ओतत होती, ती मुसलमानाची होती. मग एक पाटलीण आली. तिने तीन घागरी शेंदल्या, भरल्या, निघून गेली. आमच्या हंड्यांकडे बघितलंही नाही.

मी जनाअक्काला विचारलं, तुम्ही दोर का टाकत नाही?

तिने मला खालून वरपर्यंत बघितलं. "तू आमनी शे ना?"

"हो."

"मंग हाई इचारस कसाले? तठे जाईसन सांग. बठ्ठं सांगजो."

परत आल्यावर मी नानांना सांगितलं. सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा पुसला. म्हणाले, "वाईट आहे. पण हा आपला विषय नाही, बेटा. आपला विषय धर्म आहे. जात नाही. दोन्ही एकत्र केलं तर एकही हातात येणार नाही."

पुढे म्हणाले, "धुळ्याला सचिव येणार आहेत. प्रत्येक धर्मातलं एक जण बोलेल. बौद्धांकडून तू बोल. फार नाही. मी बौद्ध आहे, या कामात मला कधी परकं वाटलं नाही, त्या गावात सगळे एका कुटुंबासारखे राहतात. एवढंच. पांढरी साडी नेस."

मी पाठ केलं. खरंच पाठ केलं. आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं. मार्क, मामा, आईची कापसाने चिरलेली बोटं, सगळं समोर यायचं आणि मी परत पहिल्यापासून म्हणायची. जळगावहून धुळ्याला एस.टी.तून जाताना पारोळ्यापर्यंत मी तेच घोकत होते. वैशाली शेजारी होती. तिने विचारलं, "तू हे बोलणार?" मी म्हटलं, "मग काय करू, सांग." ती खिडकीबाहेर बघायला लागली.

सरकारी विश्रामगृहाचा हॉल. मुंबईचे सचिव मध्यभागी. बाजूला महाराज, मौलाना, फादर, भंतेजी. समोर त्या गावचे सरपंच, फेटा बांधून. मौलाना छान बोलले. महाराज त्याहून छान बोलले. म्हणाले, "देवाने माणूस एकच बनवला, भेद आपण बनवले." टाळ्या पडल्या. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोंग नव्हतं ते. त्यांना मनापासून आनंद झाला होता. आणि ते बघूनच माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. या माणसाला काहीच दिसत नव्हतं. मी त्याच्यासमोर रोज हार घेऊन उभी राहत होते आणि त्याला काही दिसत नव्हतं.

माझं नाव पुकारलं.

"मी बौद्ध आहे," मी म्हटलं. पाठ केलेलं पहिलं वाक्य. नानांनी मान हलवली. दुसरं वाक्य तोंडात आलं आणि मी ते बाहेर येऊ दिलं नाही.

"पुढचं मला पाठ करून दिलंय. ते मी म्हणणार नाही. त्या गावात आमच्या बायांना सार्वजनिक विहिरीवर दोर टाकू देत नाहीत. सरपंच समोर बसलेत, त्यांना विचारा. आणि हे महाराज माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. नानांनी त्यावर उपाय काढला. मला हार दिले."

 सरपंच उठून उभे राहिले, परत बसले. महाराज छताकडे बघत होते. मी भंतेजींकडे बघितलं. त्यांनी या वेळी मान खाली घातली नाही, पण बोलले नाहीत.

सचिवांनी घड्याळ बघितलं. "ताई, तुमची भावना पोहोचली. पण हा मुद्दा आजच्या विषयात बसत नाही. पुढचे वक्ते कोण?"

पुढचे वक्ते बोलले. परत टाळ्या.

बाहेर नाना मला म्हणाले, "तू आमचं एवढ्या दिवसांचं काम मातीत घातलंस." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. मला बरं वाटलं. निदान आता समोरासमोर तरी होतो.

त्यांनी मला नापास केलं. मामा स्थळ घेऊन आला. मी नाही म्हटलं, तर त्याने आमच्याशी बोलणं टाकलं. आई एवढंच म्हणाली, "आते काय करशी?" 

उत्तर त्या गावात मिळालं. मी परत गेले तेव्हा विहिरीवर आमच्या हंड्यात कुणी ओतेनासं झालं होतं. सरपंचांनी गावाला तंबी दिली होती. ती ओतणारी पोरगीही येईनाशी झाली होती. आमच्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने गढूळ पाणी भरत होत्या. मला बघून एकीने तोंड फिरवलं.

जनाअक्का झिऱ्याशी बसली होती. तिने हातातली वाटी खाली ठेवली.

"तू सांगीसन चालनी गयी," ती म्हणाली. "पानी आमले भरनं पडस."

एवढं लागणारं कुणी मला बोललं नव्हतं. महाराजांनी नाही, नानांनी नाही. ते सगळं मी सहन केलं, मग नाकारलं. पण हे नाकारता येत नव्हतं. हे खरं होतं. हॉलमध्ये बोलून एस.टी. पकडणं सोपं होतं. नानांनीही तेच केलं असतं, फक्त वेगळी वाक्यं बोलून.

मी जनाअक्काला म्हटलं, "ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. तक्रार द्यायची. तुम्ही याल?"

 पाटलाच्या शेतातली मजुरी जाणार होती तिची. तरी ती लुगडं झटकून उठली.

भर दुपारी आम्ही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात पोचलो. हवालदार टेबलावर पाय टाकून बसला होता. काय आहे विचारलं. सांगितलं. त्याने पाय खाली घेतले, गावाचं नाव परत विचारलं, मग म्हणाला, "साहेब बाहेर गेलेत. तुम्ही असं करा, उद्या या. आणि जरा गावात बसून मिटवता येतं का बघा. सलोख्याचं गाव आहे ते."

जनाअक्काने माझ्याकडे बघितलं. मी जाते की थांबते, एवढंच बघत होती ती.

भिंतीला लागून एक बाकडं होतं. मी तिला त्यावर बसवलं. शेजारी बसले.

"उद्या नाही," मी म्हटलं. "साहेब येईपर्यंत आम्ही इथेच बसणार. आज नाही आले तर उद्याही इथेच असू. तक्रार लिहून घेतल्याशिवाय आम्ही उठत नाही."

हवालदाराने दार पूर्ण उघडलं, आम्ही निघावं म्हणून. आम्ही उठलो नाही.