कंपासवाले डॉक्टर

कंपासवाले डॉक्टर पेशंटचा पाय मोजण्याआधी स्वतःचे हात गरम पाण्यात बुडवून घ्यायचे. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा! "थंड हात लागला की पाय आखडतो, आणि आकडा खोटा येतो," म्हणायचे. सांध्याचा कोन मोजायची, कंपाससारखी उघडणारी पितळी पट्टी कायम खिशात, म्हणून बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सरकारी दवाखान्यात अपंगत्वाचे दाखले ते द्यायचे आणि अर्जदारांची चौकशी मी करायची. समाजकार्याची ताजी पदवी, घट्ट अंबाडा, आणि जगातली सगळी सोंगं पकडायला देवानं मलाच धाडलंय अशी खात्री. एका म्हाताऱ्याची कुबडी नवी कोरी दिसली, म्हणून मी त्याच्या अर्जावर 'संशयास्पद' असा शेरा ठोकला. डॉक्टर म्हणाले, "ताई, लग्नाला जाताना तुम्ही फाटकी चप्पल घालता का?"

पण माणूस आकड्याला कडक. चाळीस टक्क्यांच्या आत दाखला नाही म्हणजे नाही. एकोणचाळीस भरले तर एकोणचाळीसच लिहायचे. त्या दिवशी मात्र जेवणाचा डबा न उघडता घरी परत जायचा.

एकदा उमरेडहून एका विणकराची मॅट्रिक झालेली मुलगी आली. पोलिओमुळे मागाची पावडी दाबणं तिला जमत नव्हतं. नागपुरात टायपिंगच्या वर्गात, वसतिगृहासकट, जागा मिळत होती. पण दाखला हवा होता, आणि तोही त्याच दिवशी. मुलगी छान ताठ चालत आली. मी लिहिलं, 'चाल जवळजवळ नॉर्मल.' डॉक्टरांनी मोजलं. छत्तीस.

तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला आणि माझा कडकपणा तिथंच विरघळला. "सर, चार टक्क्यांनी कुणाचं काय बिघडतं?"

"बिघडते ना. आज तुम्ही सांगता, उद्या कोणाचा मामा सांगेल. मग खऱ्या चाळीसवाल्यावर कोण विश्वास ठेवेल?"

मायलेकी निघाल्या. डॉक्टर मुलीच्या पाठमोऱ्या चालीकडे बघत होते. एकदम म्हणाले, "बाई, निऱ्या काहून धरून राहिली तू?"

उत्तर आईनं दिलं, तेही कौतुकानं. "म्याच शिकवलं जी तिले. पाहुणे पाहाले येतेत ना! निऱ्यांआडून मांडी दाबली का लंगडणं दिसत नाही. इथं तं एवढे मोठे डॉक्टर, म्हटलं नीट चाल वं."

"सोड निऱ्या," डॉक्टर म्हणाले.

तिनं आईकडे पाहिलं. सोडल्या. तिसऱ्या पावलाला गुडघा मोडला आणि डॉक्टरांनीच तिला धरलं. मग चालणं, उभं राहणं, जिना, सगळं तिला मांडीला हात न लावू देता पुन्हा तपासलं. त्रेचाळीस.

मी टाळ्याच वाजवणार होते. डॉक्टर मात्र मटकन खुर्चीत बसले. "ताई, याच्या आधी अशा किती पोरी मी परत पाठवल्या असतील?"

जुने अर्ज काढून आम्ही त्या मुलींना पोस्टकार्डं टाकली. काही आल्या. काहींचा आकडा वाढला, काहींचा नाही. जो आला तो त्यांनी लिहिला. खाप्याहून मात्र एका मुलीच्या वडिलांचं उत्तर आलं: 'मुलीचं लग्न झालं. तिकडे पायाचं माहीत नाही. पुन्हा कार्ड टाकू नये.'

"ही तर फसवणूक!" मी फणकारले. काय ती माझी अक्कल!

डॉक्टरांनी तिचा जुना अर्ज काढून खाली लिहिलं, 'तपासणी अपुरी. दोष तपासणाऱ्याचा.' सही केली. त्याच अर्जावर वर माझ्या टपोऱ्या अक्षरात होतं, 'चाल नॉर्मल.' ते त्यांनी वाचलं आणि मला एका शब्दानंही बोलले नाहीत.

ते निवृत्त झाले त्या संध्याकाळी सगळे हारतुऱ्यांत होते. मी गुपचूप तो अर्ज काढला आणि त्यांच्या सहीखाली माझी सही केली, तारीख मागची घालून. सोंगं पकडणाऱ्या बाईनं सरकारी कागदावर केलेली ही एकुलती एक लबाडी. तिची मला अजून लाज वाटत नाही.